शुगर लो झाली की आधी साखर द्या, चौकशा नंतर

आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर, ज्वारीच्या डब्यामागं लपवलेला असायचा, अप्पांना दिसू नये म्हणून. आणि ज्या दिवशी खरंच साखर लागली त्या दिवशी आईचा हातच पुढं होईना, कारण इतकी वर्षं तिनं एकच ऐकलेलं, शुगरवाल्याला साखर म्हणजे विष. म्हणून हे लिहायलोय.

झालं असं की गड्ड्याचे म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेचे दिवस, नंदीध्वज (देवाच्या उंच काठ्या) ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात तो दिवस. अप्पांनी सकाळी ८ ला रोजचं ३०/७० इन्सुलिन घेतलं आणि नाष्टा आल्यावर करतो म्हणून बाराबंदी (नाड्यांचा पांढरा अंगरखा) घालून अनवाणी मिरवणुकीत गेले. दोन-अडीच तास चालून घरी आले ते उंबऱ्यावरच बसले. जानेवारीची थंडी आणि बनियन घामानं पाठीला चिकटलेलं, बाराबंदीची नाडी सोडायला बोटं जाईनात, आणि आईवर ओरडायले, "लाईट का घालवलीस?" भर सकाळी. आईला वाटलं उपाशी आहेत म्हणून चिडचिड, तिनं कडक भाकरी अन् शेंगा चटणी पुढं ठेवली. अप्पा तुकडा हातात धरून नुसते बघत बसले. मी मीटर लावला, ४८.

आता नीट ऐका, ७० च्या खाली गेली की लो. ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला पुरेशी साखर मिळत नाही, माणूस बरळतो, भांडतो, झोकांड्या खातो, लोकांना वाटतं पिऊन आलाय. त्याच्या आधी हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, ओठांभोवती मुंग्या, असं काहीतरी होतं. पण बीपीची एक प्रकारची गोळी (बीटा ब्लॉकर, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे) चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा येतो, म्हणून घामाकडं लक्ष ठेवा. आणि ज्यांची शुगर सारखी लो होते त्यांना हळूहळू कळायचंच बंद होतं, ते एकदम आडवेच होतात.

माणूस शुद्धीत आहे आणि गिळता येतंय तर लगेच १५ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. म्हणजे चहाचे ३-४ चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून, किंवा अर्धा ग्लास साधं कोल्ड्रिंक (डाएटवालं नको, त्यात साखरच नसते), किंवा एक मोठा चमचा मध. १५ मिनिटं थांबा, परत मीटर लावा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. मीटर घरात नसेल किंवा सापडत नसेल तर शोधत बसू नका, लो आहे असंच धरून द्या, जास्त होती आणि थोडी साखर गेली तर एवढं काही बिघडत नाही पण लो असताना थांबलात तर बिघडतं. मीटर लावताना बोट धुवून पुसा, गुळाचा हात असेल तर ४८ चे १४० दिसतील आणि तुम्ही निवांत बसाल.

भाकरी, शेंगा चटणी, शेंगापोळी, पेढा, चॉकलेट हे त्या वेळी नको. शेंगदाण्याचं तेल, तूप, खवा यानं साखर रक्तात उतरायला उशीर होतो. तिळगूळ पण त्यातलाच, गुळाचा साधा खडा बरा. सोलापूरच्या माणसाच्या पिशवीत कडक भाकरी कायम असते म्हणून मुद्दाम सांगतोय, ती नंतर खायची. शुगर वर आली आणि जेवायला तासाभराच्या वर वेळ असेल तेव्हा अर्धी भाकरी, दूध, बिस्किट काहीतरी पोटात टाका, नाहीतर परत खाली येते. आणि घाबरून पाव किलो जिलेबी पण खाऊ नका, संध्याकाळी ३०० दिसेल.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते. व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असलेली गोळी चालू असेल (बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत असते, पाकिटावर नाव वाचा) तर घरातली साखर आतड्यात फुटायलाच वेळ लागतो, तिथं साधी ग्लुकोज पावडरच पाहिजे. अप्पांच्या बाबतीत तसं नव्हतं, शेजारच्या काकूंनी ग्लुकोज दिलं आणि २० मिनिटांनी अप्पा विचारायले, "माझी बाराबंदी ओली कशानं झाली?" उंबऱ्यावर बसल्यापासूनचं काहीच आठवत नव्हतं त्यांना.

बेशुद्ध असेल किंवा फिट आली असेल तर तोंडात काही म्हणजे काही ओतायचं नाही, साखरपाणी सुद्धा नाही, ते फुप्फुसात जातं. कांदा, चप्पल हुंगवणं तर सोडाच. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, गोळ्यांच्या पट्ट्या आणि इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून सोबत न्या. तिथं शिरेतून ग्लुकोज देतात. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचं (शुगर वर आणणारं) इंजेक्शन घरी ठेवायला सांगितलं असेल तर ते कसं द्यायचं हे आधीच शिकून ठेवा, त्या वेळी कागद वाचायला डोकं चालत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीनं शुगर पडली असेल, त्यात वय झालेलं आणि किडनी कमजोर, तर एकदा वर आली म्हणून घरी घेऊन येऊ नका. औषध अंगात टिकून असतं, काही तासांनी परत पाडतं, दवाखान्यात एखाद दिवस ठेवतात ते उगीच नाही. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही.

मग होतं कशानं? बहुतेक वेळा औषध घेतलं आणि खाल्लं नाही यानंच. आषाढीला आमच्या जिल्ह्यात घरोघरी एकादशी, गोळी मात्र रोजच्यासारखी. उपवास किंवा रोजे धरायचे तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या, आपल्या मनानं नाही. रिकाम्या पोटी दारू घेतली तर लिव्हर साखर सोडायचं काम नीट करत नाही, मग रात्री झोपेत शुगर पडते. उशी घामानं ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, असं असेल तर एखाद्या रात्री ३ ला उठून मीटर लावून बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात अंग तापलेलं असतं तेव्हा इन्सुलिन पण लवकर भिनतं, उन्हातून आल्या आल्या सुई टोचू नका.

आणि सिरिंज. इन्सुलिनची बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी टोपणाची. १०० ची बाटली लाल सिरिंजनं ओढली तर डोस अडीच पट जातो. मेडिकलवाला घाईत दुसरी देतो, घरी येऊन बाटलीवरचा आकडा वाचा.

गाडी चालवताना कसंतरी वाटलं तर बाजूला घ्या, साखर खा, आणि शुगर ९० च्या वर आल्यावर सुद्धा पाऊण तास तरी किल्ली लावू नका.

आमच्या इथं आता साखरेचा डबा खालच्या फळीवर, पाण्याच्या माठाशेजारी असतो. अप्पांच्या खिशात ग्लुकोजची पुडी. गड्ड्याला परत गेले ह्या वर्षी, आधी दोन भाकरी खाऊन, आणि बरोबरच्या पोरांना सांगून ठेवलंय, मी उगीच भांडायला लागलो तर उलटं बोलू नका, पुडी तोंडात टाका.