दुपारी लेकरू झोपत नसेल तर आधी घड्याळ बघा

तीन-चार महिन्यांचं लेकरू एकदा उठलं की दीड-दोन तासांत पुन्हा पेंगुळतं. नजर एका जागी लागते, डोळे चोळतं, जांभई देतं. झोपवायची वेळ हीच. ‘अजून खेळतंय की’ म्हणून अर्धा तास जाऊ दिला की ते चिरचिर करतं, आणि मग कितीही थोपटा, डोळा लागत नाही. माझ्या मते निम्मी रडारड इथेच वाचते.

आपल्याकडे परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात तर दुपारी लेकरू उकाड्यानंच जागं राहतं. घरातली सगळ्यात थंड खोली निवडा, खिडकीला जाड पडदा किंवा ओली चादर लावा, अंगात एकच पातळ सुती झबलं ठेवा. कूलर चालेल, पण झोत अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी असू द्या. मानेला मागून हात लावून बघा. घाम असेल तर कपडा कमी करा. सहा महिन्यांच्या आत पाणी पाजू नका, अंगावरचं दूधच जास्त वेळा द्या.

झोळीत लेकरू लवकर झोपतं हे खरंच. पण तिथे हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोप लागली की उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा. उशी, मोहरीचीसुद्धा, नकोच. उचलताना जागं झालं तर छातीवर हलका हात ठेवून थांबा, लगेच कडेवर घेऊ नका.