चाळीस मीटरवर आवाज अरुंद ठेवा

हौशी (हॅम) रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर, किंवा खाली ३.५ वर एसएसबीने (सिंगल साइडबँड, आवाज कमी जागेत पाठवायची पद्धत) बोलताना आवाज साधारण ३०० ते २४०० हर्ट्झमध्ये बसवा. समजायला एवढं पुरतं आणि शेजारच्यांना जागा राहते. नव्या सेटमध्ये ट्रान्समिट फिल्टरची रुंदी बहुधा मेनूतच बदलता येते. घरी बांधलेल्या सेटमध्ये आधी खालचा घुमारा कापा, कारण तो पॉवर खातो आणि शब्द मात्र पोचवत नाही. माइक अँप्लिफायरनंतरच्या टप्प्याचा इनपुट रोध १० किलोओहम असेल, तर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर लावा. ३४० हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज उतरू लागेल.

वरची बाजू छाटताना मात्र हात आखडता घ्या. स, श, च, त यांचा स्पष्टपणा वरच असतो. तो गेला की समोरचा तुमचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखचिन्ह) पुन्हा पुन्हा विचारतो.

आणि माइक गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते! तो जास्त असेल तर फिल्टरनंतरच्या टप्प्यांत विकृती तयार होते आणि सिग्नल पुन्हा पसरतो. जोरात बोललं तरी एएलसीचा (जादा सिग्नल आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा जेमतेम हलावा. ओळखीच्या स्टेशनला दोन्ही बाजूंना ३ किलोहर्ट्झ सरकून ऐकायला सांगा. तिथे तुमची खरखर ऐकू आली, तर गेन अजून कमी करा.