पहिली जेट बोट घेताय? आधी पाणी बघा, मग बोट

गोव्यात पहिली जेट बोट घेणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. हॉर्सपॉवर किती, वेग किती, माणसं किती बसतात. सीटचा रंग आणि स्पीकरही बघून होतात. बोट कुठल्या पाण्यात चालणार आणि रात्री कुठे उभी राहणार, हा प्रश्न मात्र पैसे देऊन झाल्यावर निघतो. खालच्या बऱ्याचशा चुका या उलट्या क्रमातूनच होतात.

‘नदी म्हणजे गोडं पाणी’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

जेट बोट जन्मली न्यूझीलंडमध्ये. बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात कँटरबरीच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी ती घडवली. पंखा बोटीबाहेर नको, म्हणून पंप बोटीच्या पोटात. तो खालून पाणी ओढतो आणि मागे झोताने फेकतो, त्या जोरावर बोट पुढे जाते. तिथलं पाणी डोंगरातून येणारं, गोडं. त्यामुळे अशा नद्यांसाठी बांधलेल्या कित्येक बोटींत इंजिन थेट नदीच्या पाण्यानेच थंड होतं. जेट पंपातून थोडं पाणी घ्यायचं, इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवायचं आणि बाहेर सोडायचं. गोड्या पाण्यात ही सोय वर्षानुवर्षं चालते.

आपल्याकडे मांडवीत भरती मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवते. झुआरी, शापोरा, तेरेखोल, साळ यांचीही हीच तऱ्हा. पावसाळ्यात वरून येणारा लोंढा खारं पाणी मागे ढकलतो. पाऊस संपला की वरचा प्रवाह आटत जातो आणि खारटपणा आत चढतो. बोट चालवायचे महिने आणि खारटाचे महिने एकच. नकाशावर नदी दिसली तरी इंजिनाच्या दृष्टीने तो समुद्रच आहे.

यातून काय होतं त्याची एक हकिगत. शापोऱ्याच्या काठी राहणाऱ्या एका कुटुंबाने वेल्डेड ॲल्युमिनियमची जुनी बोट आणली. व्ही-८ इंजिन, थेट पाण्याने थंड होणारं. बोट आधी गोड्या पाण्यात चालत होती, त्यामुळे तिच्यावर मॅग्नेशियमचे ॲनोड होते, म्हणजे बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. ते कोणी बदलले नाहीत. नोव्हेंबरपासून बोट धक्क्याला बांधून ठेवली. तळाला शेवाळ धरू नये म्हणून होडीला लावायचा तांब्याचा रंग फासला. फेब्रुवारीत आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पूर्वीइतकाच चढायचा, पण बोट वेग घेऊन पाण्यावर उठायला तयार नव्हती, आणि तापमानाचा काटा वर जायचा. बोट बाहेर काढली तेव्हा इनटेकच्या, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या, बोगद्यात आणि पंपाच्या आतल्या पात्यांवर बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचाचे समुद्री जीव) बसले होते. ॲनोड संपले होते. स्टेनलेसच्या प्रत्येक बोल्टभोवती ॲल्युमिनियमला खड्डे पडले होते, आणि रंग खरवडला गेला होता तिथे पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा सुटत होता.

इथे एकही भाग सदोष नव्हता. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात भराभर झिजतं आणि संपलं की पुढची पाळी ॲल्युमिनियमची. तांब्याचा रंग ॲल्युमिनियमवर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने बॅटरी तयार करणं, त्यात खाल्ली जाते ती बोट. आणि जेट पंपाचा बोगदा बार्नॅकलना फार मानवतो, कारण आत अंधार असतो, पाणी संथ असतं आणि तिथे ब्रश पोचत नाही. प्रोपेलरवर दोन बार्नॅकल बसले तर बोट थोडी अडखळते. पंपात बसले तर पाण्याचा प्रवाह विस्कटतो आणि जोरच जातो.

म्हणून गोव्यासाठी बोट बघताना पहिला प्रश्न हा विचारा: इंजिनाचं कूलिंग बंद सर्किटचं आहे का, म्हणजे ब्लॉकमध्ये कूलंट फिरतो आणि खारं पाणी फक्त त्या कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरपर्यंत येतं का? तसं नसेल तर निदान फ्लशिंगची, म्हणजे गोड्या पाण्याने आतून धुण्याची, जोडणी सहज हाताला लागते का? ॲनोड ॲल्युमिनियमचे घ्या, ते खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यांत चालतात. अर्धे झिजले की बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका. ॲनोडवर रंग लावू नका. बॅटरीचा मुख्य स्विच बोटीवरून उतरताना बंद. आणि बोट रोज संध्याकाळी ट्रेलरवर बाहेर निघणार नसेल तर जेट घेऊच नका. घरासमोर पाण्यात बांधून ठेवायची बोट हवी असेल तर साधं आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेरून टांगलेलं इंजिन) बरं, ते निदान वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं.

एकाच बोटीत सगळं

नदीचे खडक आणि मागे दोरीला वेकबोर्ड (लाटेवर उभं राहायची फळी), दोन्ही एकाच बोटीला उत्तम जमेल अशी अपेक्षा ठेवू नका. खडकाळ नदीची बोट जाड ॲल्युमिनियमची असते. तळाचा पत्रा ५ ते ६ मिलिमीटर, तळ चपट, तळाच्या व्ही आकाराची बाजू आडव्या रेषेपासून ८ ते १२ अंशांच्या आसपास वर चढलेली. ती पटकन पाण्यावर उठते आणि गोट्यांवर घासली तरी निभावते, पण झुआरीच्या मुखाजवळ दुपारचा वारा सुटला की आपटत चालते. खेळाची बोट फायबरची, कोन १८ ते २० अंश. लाटा कापते, दोरीला ओढताना सरळ राहते, पण जांभ्याच्या एका कोपऱ्यावर टेकली तर जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) फाटतो आणि पाणी आतल्या थरात शिरतं.

गोव्यात खडकाळ नदी म्हणजे घाटाकडचा भाग. तिथे हिवाळ्यात पाणी गुडघाभर असतं आणि मध्येमध्ये बंधारे. पाणी चढतं ते पावसात, आणि पहिली बोट घेतलेल्या माणसाने पुराच्या म्हादईत, म्हणजे वरच्या मांडवीत, उतरायचं नसतं. तळ्यांचंही तसंच. मयेचं तळं लहान, पॅडल बोटींचं. साळावली हे पिण्याच्या पाण्याचं धरण. म्हणजे ‘तळ्यातले खेळ’ इथे खेळायचे ते नदीच्या रुंद, शांत पात्रात. यावरून आमचं मत सरळ आहे. पहिली बोट १८-१९ फुटी फायबरची, एका इंजिनाची घ्या. दोन इंजिनं म्हणजे दोन पंप, दोन वेअर रिंग (पंपाच्या पात्यांभोवतीचं झिजणारं कडं), दुप्पट धुणं. सुपरचार्जरही (ताकद वाढवायला इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) पहिल्या बोटीला नको, चाललेल्या तासांच्या हिशेबाने येणारी त्याची देखभाल चुकवता येत नाही.

आउटबोर्डला खालचा गिअरकेस काढून जेट युनिट लावायचा पर्याय स्वस्त वाटतो. त्यात साधारण ३० टक्के ताकद जाते. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन हातात ४०चं काम देतं. सहा माणसं आणि मागे ट्यूब ओढायची असेल तर हा हिशेब आधीच करा.

‘वीतभर पाण्यात चालते’

चालते, पण वेगात असताना. पाण्यावर उठलेली जेट बोट वीतभर पाण्यावरून जाते हे खरं. तीच बोट थांबली की एक-सव्वा फूट खाली बसते. उथळ दिसलं म्हणून घाबरून थ्रॉटल सोडणारा नवखा नेमका गाळात बसतो. मग रागाने पुन्हा थ्रॉटल देतो, आणि पंप वाळू, शिंपले, गोटे सगळं आत ओढतो. इंजिन सुरू करताना तळाखाली निदान कमरेइतकं पाणी हवं. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक सव्वादोन मीटरच्या घरात जातो. सकाळी ज्या वाळूवरून गेलात ती दुपारी उघडी पडलेली असते. भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

जुनी बोट घेताना पंपात हात न घालणं

विकणारा इंजिन सुरू करून दाखवतो, आवाज ऐकवतो. आवाजावर बोट घेऊ नका. किल्ली आणि किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) आधी आपल्या खिशात घ्या, मग बोट ट्रेलरवर असताना खालून इनटेकमध्ये टॉर्च मारा. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्याच्या, पात्यांच्या पुढच्या कडा धारदार आणि सरळ हव्यात. बोटाला खाचा लागल्या, कड वळलेली दिसली, तर गोटे गिळलेले आहेत. नंतर पात्याचं टोक आणि वेअर रिंग यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. नव्या पंपात फट ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. ०.६च्या पुढे गेली तर रिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. फट वाढली की पाणी पात्यावरून मागे घसरतं आणि उचल जाते. इम्पेलर हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग. इंजिनाच्या तेलाची काडी ओढा. तेल दुधाळ असेल तर तिथूनच घरी परता.

पाण्यावर चाचणी घेताना पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. आरपीएम भरपूर आणि वेग कमी असेल तर दोष पंपात: फट, कचरा किंवा हवा ओढली जातेय. आरपीएमच चढत नसेल तर दोष इंजिनात, किंवा इम्पेलर चुकीच्या पिचचा, म्हणजे पात्यांच्या चुकीच्या तिरकेपणाचा, बसवलाय. इतकं कळलं तरी मेकॅनिककडे जाऊन काय विचारायचं ते कळतं.

जास्त पाणी ओढावं म्हणून कोणी इनटेकच्या जाळीचे गज कापले असतील तर ती बोट सोडा. ज्याने ते केलं त्याने आणखी काय केलंय ते सांगता येत नाही.

आधी नळ, मग इंजिन

ही आमची दुसरी दुखरी नस, कारण ही चूक केवळ घाईची आहे. संध्याकाळी बोट घरी येते. खारं पाणी धुवायला बागेतली पाइप जोडली जाते, मदतीला आलेला मुलगा नळ सोडतो आणि मालक टॉवेल शोधायला आत जातो. तो परत येईपर्यंत पाइपचं पाणी एक्झॉस्टमध्ये भरत राहतं. इंजिन चालू नाही, त्यामुळे त्याला बाहेर फेकायला धूर नाही. पाणी एक्झॉस्टच्या वाटेतला वॉटरबॉक्स भरतं, मग मागे सरकून सिलिंडरमध्ये उतरतं. मालक येऊन स्टार्ट दाबतो. ‘टक’ असा एक आवाज येतो आणि इंजिन अडकतं. पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

अशी जोडणी असलेल्या जेट बोटींत क्रम कायम हाच: आधी इंजिन सुरू, मग लगेच नळ. बंद करताना आधी नळ बंद, दोन-तीनदा हलका थ्रॉटल देऊन उरलेलं पाणी बाहेर, मग इंजिन बंद. पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. नळ चालू ठेवून धुण्याचा वेळ तीन ते पाच मिनिटं, आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता. नळापाशी एक माणूस आणि स्टार्टपाशी एक, दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगूनच हात हलवायचे. आपल्या बोटीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा, शेजाऱ्याच्या बोटीचा नाही.

पाणी आत गेल्याची शंका जरी आली तरी स्टार्टर दाबू नका. सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशनची जोडणी सोडवा, इंजिनखान्यात पेट्रोलचा वास नाही ना ते बघा, मग थोडं थोडं क्रँक करून पाणी उडवा. तेल बदला, थोडं चालवून पुन्हा बदला, दुधाळपणा जाईपर्यंत. हे त्याच दिवशी. खारं पाणी सिलिंडरमध्ये रात्रभर राहिलं तर सकाळी गंज असतो.

ओढून आणतानाही हेच घडतं. बंद पडलेली जेट बोट दुसऱ्या बोटीने वेगात ओढली की पंपातून पाणी कूलिंगच्या नळीत रेटलं जातं आणि एक्झॉस्टमधून इंजिनात. म्हणून नळी चिमटून बंद करणारा क्लॅम्प आणि वेग ताशी ८ किलोमीटरच्या आत. पुन्हा सुरू करण्याआधी क्लॅम्प काढायला विसरू नका. हा क्लॅम्प विकत घेतल्याच्या दिवसापासून बोटीत हवा.

थोडक्यात निपटण्यासारख्या

थ्रॉटल सोडला की स्टिअरिंग जातं. जेटमध्ये वळवतो तो पाण्याचा झोत, म्हणून अडथळा टाळताना थोडा थ्रॉटल ठेवूनच वळा. पहिले दहा तास रिकाम्या पात्रात बोया टाकून हेच करा, पाहुण्यांना घेऊन नाही.

बोटीत पेट्रोल इंजिन आहे, तेव्हा सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनखान्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. जूनपासून बोट बंद राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

पंपात जलपर्णी, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली तर आधी इंजिन बंद, किल्ली बाहेर, मग हात आत. झाकण उघडून साफ करता येतं अशी बोट निवडा.

दोरीला माणूस असताना चालवणारा एक आणि मागे बघणारा दुसरा. मागच्या पायरीवर कोणी बसलेलं असताना इंजिन सुरू करायचं नाही. झोताने शरीराला आतून इजा होते, आणि इनटेकजवळ लांब केस आणि सुटे पट्टे ओढले जातात.

खाजनाच्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधाजवळ आणि पाग्यांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, होड्यांजवळ वेग उतरवा. आपली लाट बांधाची माती खाते आणि छोटी होडी उलटवते. नदीत मासेमारीचे खुंट रोवलेले असतात, भरतीला ते पाण्याखाली जातात.

कागद बघितल्याशिवाय बयाणा नको. नदीत चालणाऱ्या यांत्रिक बोटीची नोंदणी इथे कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे गोवा सरकारच्या बंदर खात्याकडे, होते. बाहेरून आणलेल्या बोटीचे आयातीचे कागद, हलचा (बोटीच्या मूळ सांगाड्याचा) आणि इंजिनाचा नंबर जुळले पाहिजेत.

आणि सौदा पक्का करण्याआधी अमावस्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, पूर्ण ओहोटीला, ज्या धक्क्यावरून बोट उतरवणार तिथे स्वतः चालत जा. उतार कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो ते बघा. बोट, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून दीड टनाच्या आसपास वजन त्या शेवाळलेल्या उतारावरून वर ओढायचं आहे. ते ओढणारी गाडी आणि परतीची भरतीची वेळ, दोन्ही जमत असतील तरच पैसे द्या.