सान फेर्मिनला कमी पैशात कसं जायचं, आणि पांप्लोनात रूम का घ्यायची नाही

स्पेनमध्ये पांप्लोना शहरात लोक बैलांपुढे पळतात तो सण म्हणजे सान फेर्मिन, दरवर्षी 6 ते 14 जुलै. तारखा कधी बदलत नाहीत, त्यामुळे वर्षभर आधी ठरवता येतं. तीन मित्रांच्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या हिंदी सिनेमानंतर आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात हे खूळ बसलंय, मग हॉटेलचे रेट बघितले की खूळ उतरतं, कारण त्या आठवड्यात साध्या रूमचेही तिप्पट-चौपट लावतात. माझा उपाय एकच, तिथे राहायचंच नाही.

पण आधी व्हिसा. शेंगेन व्हिसाला (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे जुलैसाठी जानेवारीतच फाईल तयार करायला घ्या. मे-जूनमध्ये सगळी मुंबई-पुण्याची मंडळी युरोपला निघालेली असतात आणि अपॉइंटमेंटसाठी मारामारी. मोठ्या माणसाची फी 90 युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि किमान 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स लागतोच. बैलांपुढे पळायचा विचार असेल तर पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा, असल्या धाडसाला पैसे देत नाही असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं.

आता दिवस कुठला निवडायचा. 6 तारखेला दुपारी 12 ला नगरपालिकेच्या बाल्कनीतून रॉकेट उडतं, त्याला चुपिनासो म्हणतात, टीव्हीवर भारी दिसतं पण प्रत्यक्षात त्या चौकात श्वास घ्यायला जागा नसते आणि अंगावर वाईनचा पाऊस. बैलांची धाव, म्हणजे एन्सिएरो, 7 ते 14 रोज सकाळी 8 ला असते, मग शनिवार-रविवार टाळून 9 नंतरचा एखादा मधला वार पकडा. गर्दीही कमी आणि भावही जरा माणसात.

मुक्काम लोग्रोन्यो किंवा व्हितोरियाला करा, दोन्ही बसने तासा-दीड तासावर. सान सेबास्तियानही जवळ आहे पण जुलैत समुद्रकिनाऱ्यामुळे तेच महाग, बजेटवाल्यांनी नाद सोडा. मग करायचं काय, तर संध्याकाळच्या बसने पांप्लोनाला जायचं, रात्री 11 ची आतषबाजी बघायची (ती फुकट आहे आणि रोज असते), रात्रभर गल्ल्यांमध्ये बँडच्या मागे फिरायचं, सकाळी धाव बघायची आणि परतीच्या बसमध्ये झोपायचं. एका रात्रीच्या रूमचे पैसे वाचले. तंबूची आवड असेल तर शहराबाहेर एसकाबाला कॅम्पिंग आहे, पण तेही लवकर भरतं. बागेत हिरवळीवर झोपणारे खूप दिसतील, आमच्यातला एक तसा झोपला आणि उठला तेव्हा खिशातला फोन गेलेला, म्हणून पासपोर्ट मुक्कामीच ठेवा, जवळ झेरॉक्स असू द्या. पातळ जॅकेट मात्र घ्या, जुलै असला तरी पहाटे गारठा असतो.

माद्रिदहून बस पाच-सहा तास घेते, ट्रेन लवकर पोचते पण तिकिटं लवकर संपतात. दोन्ही आधी बुक करा आणि परतीचं तर नक्कीच.

कपडे पांढरे, कंबरेला लाल फाखा म्हणजे कापडी पट्टा, गळ्यात लाल रुमाल. पांढरा टीशर्ट नि पँट घरूनच जुनी न्या कारण परत आणण्यासारखी राहत नाही, रुमाल तिथे रस्त्यावर थोडक्यात मिळतो.

धाव बघायला बाल्कनी भाड्याने घेतली तर माणशी शंभर युरोच्या पुढे सहज जातात, ते विसरा. फुकटची जागा म्हणजे लाकडी कुंपण. कुंपणाच्या दोन ओळी असतात, मधली जागा पळणाऱ्यांना सटकायला आणि मेडिकलवाल्यांना, आपण बाहेरच्या कुंपणावर बसायचं, आणि त्यासाठी सहाच्या आत पोचायचं. दोन तास बसून बैल दिसणार दोन-चार सेकंद, कारण सगळी धाव 875 मीटरची आणि जेमतेम अडीच-तीन मिनिटांची. म्हणून मला विचाराल तर प्लाझा दे तोरोसचं, म्हणजे रिंगणाचं सकाळचं तिकीट काढा, बाल्कनीच्या मानाने किरकोळ आहे, शेवट तिथेच होतो आणि नंतर शिंगांना गुंडाळी लावलेल्या लहान गाई गर्दीत सोडतात, ती धमाल वेगळीच.

पळायचं की नाही? हे पोळ्याचे बैल नाहीत, पाच-सहाशे किलोचे रानटी जनावर आहे. 1910 पासून 16 जण गेलेत, शेवटचा 2009 मध्ये, आणि जखमी तर दर धावेत. वय 18 पूर्ण हवं, साडेसातच्या आत रस्त्यावर हवं, दारू पिऊन, बॅग घेऊन किंवा मोबाईलने शूट करत पळालात तर बाहेर काढतात, दंडही होतो. पडलात तर उठायचं नाही, डोकं झाकून पडून राहायचं, लोक सांगतील तेव्हाच उठायचं. मी सांगेन बघाच फक्त. अजून एक, सकाळी धावलेल्या त्याच सहा बैलांना संध्याकाळी रिंगणात मारतात, हे माहीत असून जा, त्या संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढा असं मात्र मी म्हणणार नाही.

खायचं सुपरमार्केटमधून, पाव-चीज-फळं. शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, तिथली तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं असतंच. अंडं चालत नसेल तर बोकादियो दे केसो मागा, म्हणजे चीजचा पाव. धाव संपली की मान्युएता गल्लीतल्या जुन्या दुकानात लाकडाच्या भट्टीवर तळलेले चुर्रोस, म्हणजे पिठाच्या लांब कांड्या, मिळतात, रांग मोठी असते पण बस दहाची असली तर वेळ आहे.