नवतपा लागायच्या आत आरआयआरची सोय करा

परसात दहा-पंधरा लाल आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) कोंबड्या असतील, तर 25 मेच्या आत त्यांच्या सावलीचं बघा. नवतप्याच्या नऊ तापत्या दिवसांत नागपूरचा पारा 45 च्या पुढे सरकला की गावरान कोंबडी झाडाखाली तग धरते, आरआयआर मात्र चोच उघडून, पंख सैल सोडून उभी राहते.

ऱ्होड आयलंड रेड ही अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी अंडी आणि मांस दोन्हींसाठी घडवलेली जुनी जात. कोंबडी अडीच-तीन किलोंची, कोंबडा चारच्या जवळ. खाद्य नीट मिळालं तर वर्षाला 200 च्या वर तपकिरी अंडी. घरचा अंड्यांचा खर्च भागवून वर चार पैसे देणारं हे पाखरू मला फार मोलाचं वाटतं. पण कोंबडीला घाम येत नाही आणि हिचं अंग भारी. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. त्या धापांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. मे महिन्यात अंडं उचलताना कवच बोटाखाली दबलं, तर नुसता खाद्यातला शिंपला वाढवून भागत नाही; खुराडं थंड करावं लागतं.

टिनावर पराट्या-तुराट्यांचा (कापूस-तुरीच्या वाळक्या काड्यांचा) वीतभर थर द्या, दुपारी त्यावर पाणी शिंपडा. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट बांधा, पण वारा खेळता ठेवा; कोंदट ओलावा उन्हाइतकाच वाईट. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर. भरदुपारी खाल्लेलं पचताना अंग आणखी तापतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल तर पशुवैद्यकाला विचारून सकाळच्या गारव्यातच द्या.

अंडी उबवायला आत्ता ठेवू नका. आरआयआर सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंड्यांवर बसत नाही, म्हणून आपण तिची अंडी गावरान कोंबडीखाली मांडतो. पण या दिवसांत ती घरातल्या टोपलीतच इतकी तापतात, की जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. गेल्या मे महिन्यात मी मांडलेल्या 12 अंड्यांतून दोनच पिल्लं निघाली. पावसाळा सरून गारवा पडला की मांडा.

एखादी कोंबडी कलंडलीच, तर चोचीत पाणी ओतू नका, ठसका लागून जीव जाईल. सावलीत न्या, पाय साध्या पाण्यात बुडवा, तुरा ओला करा आणि मान सावरेपर्यंत जवळ बसा.