गेमबॉयचं कार्ट्रिज: खरं की डुप्लिकेट, आणि भाव किती?

जुनं म्हणजे दुर्मिळ असं काही नसतं हो. गेमबॉय, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, 1989 ला आलं, अमेरिकेत टेट्रिसचं कार्ट्रिज (ज्यात गेम असतो ती छोटी डबी) त्याच्यासोबतच मिळायचं, त्यामुळे ते आजही ढिगाने सापडतं, नुसत्या कार्ट्रिजला कोण विचारतंय. भाव असतो तो खोका आणि मॅन्युअल शाबूत असेल तर, कारण पुठ्ठ्याचे खोके पोरांनी तेव्हाच फेकून दिले.

पोकेमॉन एमराल्ड वगैरे गेम घेत असाल तर आधी डुप्लिकेट नाही ना ते बघा, बाजार नुसता भरलाय! कार्ट्रिज उलटं धरा, खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर अस्सल बोर्डवर बारीक अक्षरात निन्टेन्डो छापलेलं दिसतं, आणि लेबल उजेडात तिरकं केलं की दाबून उमटवलेले छोटे आकडे दिसतात. यातलं काहीच नसेल तर लांबूनच नमस्कार.

जुन्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर गेममध्ये सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलात त्याची नोंद, कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर टिकतो, ती संपली की सेव्ह गायब, पण बदलता येते, त्यामुळे घाबरू नका, भाव मात्र पाडून मागा.

किमतीसाठी ईबेवर लोक काय मागतायत ते बघू नका, मागायला काय जातंय, सोल्डचा, म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूंचा, फिल्टर लावा आणि खरंच कितीला विकलं गेलं तेवढंच धरा.