डीपीपी-४ मोजताना या चुका टाळा

पेशीच्या पृष्ठभागावरचा डीपीपी-४ हा प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं कापणारा विकर, मोजायला सोपा वाटतो. ग्लायसिन-प्रोलिन-पॅरानायट्रोअॅनिलाइड हा सब्स्ट्रेट (विकर ज्याला कापतो तो पदार्थ) घालायचा, पिवळा रंग येऊ लागला की ४०५ नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं. आकडा येतोच. तो नेमका कोणत्या विकराच्या कामामुळे आला, हे मात्र फार थोडे जण तपासतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पेशी फोडून मोजणं. या प्रथिनाची रचना बघा: ७६६ अमिनो आम्लांच्या साखळीतली जेमतेम सहा पेशीच्या आत, पुढचा छोटा तुकडा पेशीपटलात रुतलेला (पेशीभित्तिकेत नव्हे, प्राण्यांच्या पेशीला ती नसतेच) आणि उरलेलं सगळं, कापणाऱ्या भागासकट, बाहेर. पेशी फोडली की आतल्या द्रवातले त्याच कुळातले डीपीपी-८ आणि डीपीपी-९ मोकळे होतात, आणि तेही हाच सब्स्ट्रेट प्रोलिनच्या पुढे कापतात. म्हणून अखंड पेशी वापरा. शिवाय शेजारच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) सिटाग्लिप्टिन हे डीपीपी-४ रोखणारं औषध घालून तेच वाचन घ्या. डीपीपी-४चा वाटा म्हणजे या दोन वाचनांतला फरक.

पेशी आधी नीट धुवा. माध्यमातल्या सीरममध्ये विरघळलेला डीपीपी-४ असतो आणि तोही कापत राहतो.

ईडीटीए घातलं, तरी क्रिया थांबली नाही? थांबणार नाहीच. ईडीटीए धातूचे आयन पकडतं, आणि इथे कापण्याचं काम सेरिन ६३०, अॅस्पार्टेट ७०८ आणि हिस्टिडिन ७४० हे त्रिकूट करतं. त्यात धातूचा संबंध नाही. जीएलपी-१ हा डीपीपी-४ कापतो तो आतड्यातला हार्मोन मोजणाऱ्यांना हे नेमकं नडतं. ईडीटीएच्या नळीत रक्त गोठत नाही, पण हार्मोनचे तुकडे होतच राहतात. शरीरात सक्रिय जीएलपी-१चं अर्धायुष्य सुमारे दोन मिनिटांचं, तेव्हा डीपीपी-४ रोधक रक्त घेण्याआधीच नळीत हवा.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायच्या चाचणीत) ११० किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत पट्टा दिसला म्हणून विकर काम करतोय असं समजू नका. तो दोन साखळ्यांच्या जोडीनेच काम करतो. नमुना उकळला की जोडी सुटते, आणि पट्टा दिसतो तो सुट्या साखळीचा.

वाचन सुरुवातीपासूनच जास्त येत असेल तर नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्यात का पाहा. हिमोग्लोबिनही ४०५च्या जवळ प्रकाश शोषतं. अशा वेळी एकाच वाचनावर विसंबू नका, दर मिनिटाला होणारी वाढ घ्या.